काळा डाग आणि माणसाची नजर

अंगावर एकही तीळ नाही असा माणूस शोधून काढणे कठीण. मूल जन्मते तेव्हा त्याच्या कातडीवर बहुधा काही नसते. पुढे बालपणात आणि तारुण्यात एकेक ठिपका उमटू लागतो आणि तो जन्मभर सोबत करतो. आई त्याला ओळखीची खूण समजते, कवी त्याला सौंदर्याचे लेणे मानतात, सामुद्रिक जाणणारा त्यावरून भाग्य सांगतो. वैद्यांनीही त्याची फारशी धास्ती बाळगलेली दिसत नाही. सुश्रुतसंहितेत तिलकालक, मषक, न्यच्छ, व्यंग अशी त्वचेवरील डागांची नावे आली आहेत, ती ‘क्षुद्ररोग’ या सदराखाली. तिलकालक म्हणजे तिळाएवढा, काळा, त्वचेच्या सपाटीत असणारा आणि न दुखणारा डाग. जे दुखत नाही, वाढत नाही, कामात अडथळा आणीत नाही, त्यास क्षुद्र म्हणण्यात वैद्यांचे काही चुकले नाही. लक्षावधी तिळांच्या बाबतीत ते आजही खरे आहे.

परंतु या लक्षावधींत एखादाच डाग असा निघतो, की तो तिळासारखा दिसतो आणि तीळ नसतो. त्यास वैद्यकशास्त्र ‘मेलॅनोमा’ म्हणते. त्वचेचे इतर कर्करोग याहून पुष्कळ अधिक आढळतात. पण ते बहुधा जागच्या जागी राहतात आणि वेळेवर कापून काढले म्हणजे माणूस बरा होतो. मेलॅनोमा संख्येने थोडा, पण त्वचेच्या कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू त्याच्याच माथी जातात. यात एक विलक्षण विसंगती आहे. यकृताचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग शरीराच्या आत दडून वाढतो; तो दिसत नाही म्हणून उशिरा कळतो. मेलॅनोमा मात्र सहसा उघड्या कातडीवर, काळ्या शाईने लिहावे तसा उमटतो. तरीही ती अक्षरे वाचावयास माणसाला कित्येक शतके लागली. हा रोग ओळखण्याचा इतिहास म्हणजे त्या वाचनाचाच इतिहास होय.

प्रथम या रोगाची घडण समजून घेणे अवश्य आहे. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे काळसर द्रव्य बनवून शेजारच्या पेशींना पुरवितात आणि ते द्रव्य छत्रीप्रमाणे त्या पेशींच्या केंद्रांवर पसरून सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्यांचे रक्षण करते. गोऱ्या व सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्यांच्या कामाच्या वेगात आणि त्या बनवितात त्या द्रव्याच्या जातीत. या रक्षक पेशीच बिघडल्या, बेबंदपणे वाढू लागल्या, म्हणजे मेलॅनोमा होतो. कधी तो जुन्या तिळात सुरू होतो. अधिक वेळा तो कोऱ्या कातडीवर नव्यानेच उगवतो. आरंभी काही महिने, कधी काही वर्षे, तो तेलाच्या डागासारखा आडवा पसरतो. मग एके वेळी त्याची दिशा बदलते व तो खाली उतरू लागतो. खालच्या थरात रक्तवाहिन्या आहेत, रसवाहिन्या आहेत. त्या वाटा त्यास सापडल्या, की तो त्वचेचा रोग उरत नाही. आडवा आहे तोवर एका लहानशा शस्त्रक्रियेने सुटणारा प्रश्न उभा उतरल्यावर जिवावर बेततो. या दोन अवस्थांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे लागते.

हा रोग आजकालचा नव्हे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात सापडलेल्या, सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या सुकलेल्या मृतदेहांत त्वचेवरील काळ्या गाठी आणि हाडांत पसरलेल्या खुणा आढळल्याचे १९६६ साली प्रसिद्ध झाले. परंतु रोग असणे निराळे आणि तो ओळखला जाणे निराळे. त्याची ओळख पटण्याच्या वाटेवरील पहिला ठळक टप्पा लंडनमध्ये आढळतो. १७८७ साली प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर याने ३५ वर्षांच्या एका पुरुषाच्या जबड्यामागची गाठ कापून काढली. ती पूर्वी एकदा काढलेली होती व पुन्हा वाढली होती. गाठीचा काही भाग पांढरा, तर काही मऊ, स्पंजासारखा आणि काळा होता. हा कसला रोग हे हंटरला उमगले नाही. पण जे उमगत नाही ते जपून ठेवावे, हा त्याचा स्वभाव होता. गाठ बरणीत घालून त्याच्या संग्रहात गेली व पुढे तो संग्रह इंग्लंडच्या शल्यविशारदांच्या राजमहाविद्यालयाकडे आला. तब्बल १८१ वर्षांनी, १९६८ साली, त्या गाठीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आला आणि तो मेलॅनोमा असल्याचे निश्चित झाले.

रोगाला स्वतंत्र अस्तित्व मिळाले ते पॅरिसमध्ये. ज्याने पुढे १८१६ साली स्टेथॉस्कोप शोधून काढला, तो रेने लाएनेक त्या वेळी अवघा २३ वर्षांचा होता. क्रांतीनंतरच्या पॅरिसमधील रुग्णालयांत मृत्यूनंतर शरीर उघडून रोगाची कारणे पाहण्याची नवी शिस्त रुजत होती. त्या पाहणीत अवयवांत काळ्या गाठी आढळत. लाएनेकने १८०४ साली या गाठींविषयी निबंध वाचला, १८०६ साली तो प्रसिद्ध झाला, आणि ‘काळा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने रोगाला ‘मेलॅनोज’ असे नाव दिले. या शोधाचे श्रेय आपले, असे म्हणत त्याचा गुरू द्युपुइत्रां त्याच्याशी भांडला. पण ज्याचा वाद घालावा असे या ज्ञानात रुग्णाच्या उपयोगाचे अद्याप काहीच नव्हते. लाएनेकला रोग दिसला तो शवविच्छेदनाच्या मेजावर, म्हणजे सर्व संपल्यावर. त्याने शेवटचे पान वाचले; पहिले पान अजून कोणी उघडले नव्हते.

ते उघडण्याचे काम एका साध्या व्यवसायी डॉक्टराने केले. इंग्लंडमधील स्टाउरब्रिज या गावी विल्यम नॉरिस वैद्यकी करीत असे. त्याच्याकडे ५९ वर्षांचा एक रोगी आला; पोटावरच्या तिळाच्या जागी त्याला गाठ झाली होती. ती कापली, ती पुन्हा आली, रोग सर्वांगात पसरला आणि माणूस गेला. १८२० साली एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात नॉरिसने ही हकीकत प्रसिद्ध केली. शहरातील रुग्णालयात रोगी येतो तो एकटा आणि अनोळखी. गावच्या डॉक्टरास मात्र त्याचे घर, त्याचे वाडवडील, त्याची मुले ठाऊक असतात. म्हणूनच नॉरिसच्या ध्यानात आले, की या माणसाचा बापही अशाच रोगाने गेला होता आणि त्याच्या मुलांच्या अंगावर पुष्कळ तीळ आहेत. रोग वंशातून उतरतो, तिळांशी त्याचे नाते आहे, हे दोन्ही निष्कर्ष त्याने एकाच घराच्या निरीक्षणावरून काढले. १८५७ साली त्याने आठ रोग्यांचा वृत्तांत छापला व गाठीबरोबर भोवतालची निरोगी कातडीही काढावी असे सुचविले. जनुक हा शब्दही जन्मला नव्हता अशा काळात केलेले हे निदान पुढील शतकातील संशोधनाने खरे ठरविले.

दरम्यान १८३८ साली रॉबर्ट कार्सवेल याने ‘मेलॅनोमा’ हा शब्द वापरला आणि १८४० साली सॅम्युएल कूपर या शल्यविशारदाने एक कटू सत्य स्पष्टपणे मांडले. रोग पसरल्यावर त्यावर इलाज नाही. तो लवकर काढून टाकणे एवढीच आशा आहे. हे वाक्य लिहिणे सोपे होते, आचरणे अवघड. लवकर काढावयाचा तर लवकर ओळखला पाहिजे, आणि आरंभीचा मेलॅनोमा कसा दिसतो हे सांगणारे त्या वेळी जवळजवळ कोणी नव्हते. एक अपवाद जोनाथन हचिन्सन याचा. १८८६ साली त्याने ‘काळ्या नखुरड्या’चे वर्णन केले. बोटाच्या नखाशी चिघळलेली जागा, तिच्या कडेला काळसर रेघ, आणि ती काळोखी नखाबाहेरच्या कातडीवर सरकलेली. साधे नखुरडे समजून पोटीस बांधीत बसल्यास रोगी हातचा जातो, हे त्याने दाखवून दिले. नखाबाहेर सांडलेल्या त्या काळोखीला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

परंतु शल्यविशारदांचे लक्ष ओळखीपेक्षा शस्त्राकडे अधिक होते. १८९२ साली हर्बर्ट स्नो याने गाठीबरोबर जवळच्या रसग्रंथीही, म्हणजे ज्यांना सूज आली की लोक अवधाण आले म्हणतात त्या ग्रंथीही, काढण्याचा आग्रह धरला. १९०७ साली लंडनमध्ये विल्यम सॅम्प्सन हँडली याने या रोगावर व्याख्याने दिली. एका मृतदेहाच्या सूक्ष्म तपासणीवरून त्याने ठरविले, की रोग रसवाहिन्यांच्या वाटेने भोवताली पसरतो, यास्तव कापणी खूप रुंद हवी. पुढे निम्म्या शतकाहून अधिक काळ डागाभोवतीची पाच पाच सेंटिमीटर कातडी काढण्याचा परिपाठ चालला. जखमा मोठ्या झाल्या, कातडीची कलमे लावावी लागली. तरीही मृत्यू टळत नव्हते. कारण जो रोग कापणीपूर्वीच खोल उतरला आहे, त्याला रुंद कापणी गाठू शकत नाही.

हा रोग कोणाला होतो, या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते दूर ऑस्ट्रेलियात. इंग्लंड-आयर्लंडमधील ढगाळ आकाशाखाली पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली गोरी कातडी १७८८ पासून वसाहतींच्या निमित्ताने त्या प्रखर उन्हाच्या भूमीत आली होती. निसर्गाने जणू एक मोठा प्रयोगच मांडला होता. तो वाचणारा मात्र हवा होता. सिडनीचा संख्याशास्त्रज्ञ हेन्री ऑलिव्हर लँकेस्टर याने १९५६ साली मृत्यूंच्या नोंदी अक्षांशांच्या शेजारी मांडल्या. युरोपीय वंशाची माणसे विषुववृत्ताच्या जितकी जवळ, तितके त्यांच्यात मेलॅनोमाचे मृत्यू अधिक, असे त्यातून स्पष्ट झाले. सूर्य हा या रोगाचा एक प्रमुख कर्ता आहे, हे सूक्ष्मदर्शकाने नव्हे तर कोष्टकांनी सिद्ध केले. १९६३ साली क्वीन्सलंड प्रांतात मेलॅनोमाच्या अभ्यासाची स्वतंत्र योजना सुरू झाली. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अंगात सदरा घाला, कातडीला मलम लावा, डोक्यावर टोपी ठेवा, असा उपदेश एका चित्रातल्या समुद्रपक्ष्याच्या तोंडी गाण्यातून घरोघर पोहोचला.

रोग किती पुढे गेला आहे, हे मोजण्याचे मापही याच सुमारास सापडले. अमेरिकेत वॉलेस क्लार्क याने १९६९ साली त्वचेच्या थरांनुसार रोगाच्या पाच पायऱ्या लावल्या. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ब्रेस्लो याने त्याहून साधी युक्ती काढली. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात मोजपट्टी बसवून त्याने ९८ रोग्यांच्या गाठींची जाडी मोजली. ज्यांची जाडी ०.७६ मिलिमीटरहून कमी होती, त्यांच्यात रोग उलटला नव्हता. जिवाचा निवाडा मिलिमीटरच्या अंशावर होतो, ही गोष्ट आता आकड्यांत उभी राहिली. कापणी किती रुंद हवी याचा निर्णयही मग जाडीवरून होऊ लागला. मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिले, की पातळ मेलॅनोमाभोवतीची एक सेंटिमीटर कातडी काढली काय आणि तीन सेंटिमीटर काढली काय, रोग्याच्या आयुर्मानात फरक पडत नाही. मोठ्या शस्त्रापेक्षा लवकरची नजर श्रेष्ठ ठरली.

मग ती नजर कोणाची? डॉक्टरकडे माणूस वर्षाकाठी एखादे वेळी जातो; आपल्या कातडीत तो रोज वावरतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील रॉबर्ट फ्रीडमन, डॅरेल रिगेल आणि आल्फ्रेड कोफ या तीन त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ साली इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या चार अक्षरांत बसेल अशी कसोटी सर्वसामान्यांच्या हाती दिली. डागाचे मनाने दोन भाग करावेत. ते एकमेकांशी जुळत नसले तर संशय घ्यावा. कडा रेखीव नसून दंतुर, पुसट किंवा फुटलेल्या असल्या तर संशय घ्यावा. रंग एकच नसून तपकिरी, काळा, तांबूस, निळसर, पांढुरका असा मिश्र असला तर संशय घ्यावा. व्यास सहा मिलिमीटरहून, म्हणजे शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकाहून अधिक असला तर संशय घ्यावा. २००४ साली पाचवी खूण जोडण्यात आली आणि तीच सर्वांत मोलाची: डाग बदलतो आहे काय? आकार, रंग, उंची यांत काही आठवड्यांत वा महिन्यांत पालट होणे, खाज सुटणे, रक्त येणे, या गोष्टी तिळाच्या स्वभावात नाहीत. १९९८ साली फ्रान्समधील तज्ज्ञांनी याहून सोपा मार्ग सुचविला. एका माणसाच्या अंगावरचे तीळ एका कुटुंबातले असावेत तसे परस्परांसारखे दिसतात. त्यांत जो वेगळा दिसेल, बदकांतल्या कुरूप पिल्लासारखा, तोच तपासावा.

उपचारांचा इतिहासही अलीकडे पालटला आहे. २००२ साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी निम्म्याहून अधिक मेलॅनोमांत एका ठराविक जनुकाचा बिघाड शोधून काढला आणि त्या बिघाडावर नेमके काम करणारी औषधे २०११ पासून मिळू लागली. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींचा लगाम सैल करून त्यांना कर्करोगावर सोडण्याची विद्याही त्याच वर्षी या रोगावर प्रथम वापरात आली; तिच्या पायाभूत शोधांबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कूपरने १८४० साली बंद केलेला दरवाजा अशा रीतीने किलकिला झाला. तरीही ही औषधे महाग आहेत, सर्वांना गुण देत नाहीत, आणि लवकर काढलेल्या पातळ डागाइतकी खात्री आजही दुसऱ्या कशात नाही.

येथवरच्या इतिहासात एक उणीव राहून गेली आहे. तो प्रामुख्याने गोऱ्या कातडीकडे पाहून लिहिला गेला. त्यातून एक समजूत पसरली, की सावळ्या माणसास हा रोग होतच नाही. क्वीन्सलंडची योजना ज्या १९६३ साली सुरू झाली, त्याच साली मुंबईत भारतातील पहिली कर्करोग नोंदवही उघडली गेली. अशा नोंदवह्यांवरून दिसते, की भारतात लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकाहूनही कमी माणसास त्वचेचा मेलॅनोमा होतो. मेलॅनिनची छत्री आपले काम चोख बजावते, यात संशय नाही. परंतु ही छत्री सूर्यासाठी आहे, आणि या रोगाचा एक प्रकार सूर्याच्या वाटेने येतच नाही. तो तळपायावर, तळहातावर व नखाखाली होतो. जगातील सर्व वर्णांच्या लोकांत तो आढळतो. गोऱ्यांत इतर प्रकारांच्या गर्दीत तो झाकला जातो, आणि आशिया-आफ्रिकेच्या लोकांत मात्र होणाऱ्या मेलॅनोमांतला मोठा वाटा त्याचाच असतो. जमैकाचा जगद्विख्यात गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली असाच मेलॅनोमा आढळला. प्रथम ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. अंगठा कापण्यास त्याने नकार दिला, आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, मायामीत त्याचा अंत झाला.

भारतात हे अधिक सहजतेने घडू शकते. तळपायावर तीळ असला म्हणजे पायाला भिंगरी, असे म्हणून घरोघर हसण्यावारी नेले जाते. तेथे काळा डाग उठला तर काटा मोडल्याची खूण वाटते, टणक झाला तर कुरूप किंवा भोवरी वाटते, चिघळला तर अनवाणी चालण्याचा परिणाम वाटतो. मग त्यावर बिब्बा लावला जातो, चुना लावला जातो, ब्लेडने कातरले जाते; आणि या उपायांत जे महिने जातात, तेच निर्णायक असतात. पुष्कळदा जांघेत गाठ आल्यावरच रोगी रुग्णालयाची पायरी चढतो. म्हणून येथे ओळखीच्या खुणा थोड्या निराळ्या ध्यानी ठेवावयास हव्यात. तळव्यावर नव्याने उठलेला आणि वाढत जाणारा काळा वा तपकिरी डाग. काही आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती काळी नसली तरी, कारण काही मेलॅनोमांना रंगच नसतो. आणि एकाच नखावर उमटलेली, रुंदावत जाणारी काळी रेघ. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट तपकिरी रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी होत. ठेच लागून नखाखाली साकळलेले रक्त नख वाढते तसे पुढे सरकत जाते. जी काळोखी पुढे सरकत नाही, किंवा नखाबाहेरच्या कातडीवर येते, तिची तपासणी करून घ्यावी. तपासणी म्हणजे डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. त्या कापण्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे.

पॅरिसच्या शवविच्छेदन-गृहात हे ज्ञान जन्मले. तेथून ते शस्त्रक्रियेच्या मेजाशी आले, मग संख्याशास्त्रज्ञाच्या कोष्टकांत गेले, सूक्ष्मदर्शकाच्या मोजपट्टीवर स्थिरावले, आणि अखेर ज्याची कातडी त्याच्याच डोळ्यांपाशी येऊन पोहोचले. अंगावरच्या प्रत्येक तिळाला भ्यावे, असे हा इतिहास सांगत नाही. बहुतेक तीळ सुश्रुतसंहितेने म्हटल्याप्रमाणे क्षुद्रच आहेत. तो सांगतो ते इतकेच, की आपले तीळ आपल्याला माहीत असावेत, म्हणजे नवखा डाग लपून राहणार नाही. आपला तळपाय सहसा कोणी पाहत नाही. स्नानाच्या वेळी महिन्यातून एकदा तो उलटा करून पाहण्यास, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पाहण्यास, क्षणभराहून अधिक वेळ लागत नाही.